माझ्या वजनाचं भरीत

माझं वजन वांग्यांमध्ये किती भरतं, हे आमच्या आळीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

इतरांचं वजन किलोत असतं आणि ते फार तर डॉक्टरला नि बायकोला माहीत असतं. माझं वजन म्हणजे पाच क्रेट वांगी, वर एक पिशवी आणि एक दुधीभोपळा. सेलूच्या आठवडी बाजारातून मी निघालो की भाजीवाल्या बाया आधी माझ्याकडे बघतात, मग समोरच्या ढिगाकडे बघतात आणि पदर तोंडाला लावतात. तेव्हा इतरांकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच सांगून टाकतो. (तिखटमीठ मलाही लावता येतं.)

सेलूत माझं भांड्यांचं दुकान आहे. भांड्यांचा दुकानदार हा मुळातच बसलेला माणूस. गिऱ्हाईक म्हणतं, "ते वरचं पातेलं दाखवा," आणि आपण बसल्या जागेवरून काठीने ते ढकलून खाली झेलतो. अशी चोवीस वर्षं मी गादीवर काढली. गेल्या एप्रिलात एका भर दुपारी मात्र उगाचच उठलो. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी स्टीलच्या गंजांच्या, म्हणजे उभट पातेल्यांच्या, चळतीवर कोसळलो. चळत शेजारच्या चळतीवर गेली, ती पलीकडच्या पराती घेऊन आली, आणि सगळं मिळून माझ्या अंगावर! आवाज बसस्टँडपर्यंत गेला. लोक धावत आले, पण माझ्यासाठी नाही. त्यांना वाटलं, दुकान पडलं.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. वजन शहाण्णव, साखर अगदी उंबरठ्यावर, गुडघे कुरकुरणारे.

"उन्हाळा चाललाय. हिवाळ्यापर्यंत वेळ देते," त्या म्हणाल्या. "रोज चाला. त्या-त्या ऋतूत शेतात येतं ते ताजं, घरचं खा. दहा किलो उतरवा. नाही उतरलं तर गोळी सुरू, आणि ती मग कायमची."

परत येताना बसमध्ये शोभा, म्हणजे माझी बायको, खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "अजी, तुमी त्या गंजायखाली पडले होते न, तं मले वाटलं, संपलं सारं. असं भेव मले पुन्हा नाई पाहिजे."

तिचा आवाज ऐकून मी भर बसमध्ये शब्द दिला, "दहाचे दहा किलो उतरवतो. चिंता नको करू." तिने लगेच पिशवीतून वही काढली आणि त्यात शहाण्णव हा आकडा लिहून टाकला. शब्द देताना मी वहीचा विचार केला नव्हता.

घरी आलो तर आई ओसरीवर वाट बघत बसलेली. वय अठ्ठ्याहत्तर, पण मी भांड्यांखाली असताना ही म्हातारी अनवाणी धावत आळीच्या टोकाच्या खंडोबाच्या देवळात जाऊन आली होती.

"मी देवाले बोलून आली," आई म्हणाली. "माह्या मधूले उठव. चंपाषष्ठीले त्याच्या वजनाइतके वांगे तुले देईन, अन् त्याचं भरीत करून साऱ्या आळीले जेवू घालीन."

आता वांगीच का? एक तर माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गावाला लागूनच्या शेतात वांगी लावतो. दुसरं म्हणजे आषाढीपासून आमच्या आळीतल्या बहुतेक घरांत वांगं बंद होतं, ते उघडतं थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. पाच महिने वांग्यावाचून राहिलेली आळी, आणि त्यात फुकटचं भरीत! नवस बोलून झाल्यावर तासाभरात तो सगळ्या आळीला कळला होता. माझी तब्येत कशी आहे, हे त्यानंतर कळलं.

शोभा म्हणाली, "आई, पण तवरिक यायचं दहा किलो वजन कमी होऊन जाईन. शहाऐंशी किलोच वांगे लागतीन."

आई दचकलीच. "हे कसं चालन? मी शब्द दिला तवा मधू शहाण्णव किलोचा होता. देवानं पायला हाय त्याले. आता दहा किलो कमी दिले तं देव काय म्हणन? भांड्याच्या दुकानदाराच्या म्हातारीनं मापात मारलं म्हणन!"

अशा तऱ्हेने एकाच घरात एक बाई माझे दहा किलो उतरवायला निघाली आणि दुसरी त्यातला एक छटाकही हलू द्यायला तयार नव्हती. मी दोघींनाही "हो" म्हणालो. (लग्नाला बावीस वर्षं झालेला माणूस दुसरं काय म्हणणार?)

शोभाने फ्रिजवर तक्ता चिकटवला. उन्हाळ्यात ताक, काकडी, आंबील. पावसाळ्यात रानभाज्या आणि भाकर. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा, मुळा, गाजर. आणि बाराही महिने पहाटे चालणं. मोबाइलमध्ये पावलं मोजणारं अॅपही घालून दिलं. शिवाय दर सोमवारी दुकानातल्या काट्यावर वजन. हा काटा गिऱ्हाइकांची जुनी पितळी मोड मोजायचा, काउंटरला लागूनच ठेवलेला. गुडघा दुखतो म्हणून मी एक हात काउंटरवर टेकवून हळूच त्यावर चढायचो, शोभा चष्मा लावून आकडा वाचायची आणि वहीत लिहायची.

चालायला सोबत मिळाली बाबारावांची. बाबाराव म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर, आमच्या समोरच्या घरातले. गावात कुणाच्या घरी कोण आहे, कोण नाही, हे त्यांना तिकिटासारखं पाठ.

पहिल्याच दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. पन्नास पावलं झाली नसतील, तोच पहिल्या ओट्यावरून हाक आली, "मधुभाऊ! बरे झाले न बावा? या, बसा, सरबत घ्या!"

"चालून राह्यलो. डॉक्टरनं सांगतलं," मी म्हणालो.

"तं मंग? चालणाऱ्या माणसाले तहान नाई लागत का?"

आमच्याकडे दारावरून जायचं आणि काही न घेता पुढे सरकायचं, याचा अर्थ त्या घराशी आपलं काहीतरी बिनसलं आहे. दोन वर्षांपूर्वी एका दारी मी घाईत चहा नाकारला होता, तर त्यांनी पोरीच्या लग्नाची पत्रिका मला पोस्टाने पाठवली. तीन घरं सोडून राहतात! तेव्हा मी सरबत घेतलं. दुसऱ्या घरी कैरीचं पन्हं, तिसऱ्या घरी टरबूज, चौथ्या घरी "उन्हाळ्यात पोटाले थंड" म्हणून वाटीभर श्रीखंड. आंब्याच्या पेट्या उघडल्यावर तर विचारूच नका. साडेपाचला निघालेलो आम्ही साडेआठला परतलो, तेव्हा एकूण चालणं दोन किलोमीटर आणि एकूण बसणं दोन तास झालं होतं.

"सारं ऋतूप्रमाणेच होतं न?" बाबारावांनी विचारलं.

"हाव," मी ढेकर देत म्हणालो. "बिनमोसमी काईच नव्हतं."

घरी शोभाने कौतुकाने ताकाचा पेला हातात दिला. तीन तास चालून आलेला नवरा! ती चुलीकडे वळली तशी आईने पदराखालून पुरणपोळी काढली आणि कानात म्हणाली, "खाऊन घे चुपचाप. देव पायते."

आणि तरीही सोमवारी काट्यावर वजन चौऱ्याण्णव! मी स्वतः चकित झालो. शोभाचा चेहरा असा फुलला, की आणखी खोलात जायची मला इच्छाच राहिली नाही.

पावसाळा लागला आणि काळ्या मातीच्या रस्त्यांवर चालायची सोय उरली नाही. मी दादाच्या शेतात जायचं ठरवलं. कष्टाचं काम, ताजी हवा, रानभाजी. दादा बैल डवऱ्याला जुंपून पिकाच्या ओळींमधलं तण काढत होता. मी डवरा हातात घेतला. वीस पावलांत तणापेक्षा पीकच जास्त निघालं.

"मधू," दादा शांतपणे म्हणाला, "तू धुऱ्यावर बस. तुह्या व्यायामानं माह्यं सोयाबीन मरून राह्यलं."

मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो. वहिनीने तरोट्याची रानभाजी आणि ज्वारीच्या भाकरी आणल्या. रानभाजी तर तक्त्यात पावसाळ्याच्या ओळीत पहिलीच होती. डॉक्टरीणबाईंनी ताजी भाजी-भाकर खा म्हणून सांगितलं होतं, किती ते सांगितलं नव्हतं. मी पाच भाकरी खाल्ल्या आणि निंबाखाली आडवा झालो.

संध्याकाळी मोबाइल शोधतो तर सापडेना. शेवटी तो बैलाच्या जुवाला अडकवलेल्या पिशवीत निघाला. पाऊस येईल म्हणून दादाने सकाळीच तो पिशवीत टाकला होता आणि मग दिवसभर बैलांबरोबर सगळं शेत फिरवला होता. अॅपवर एकवीस हजार पावलं! शिवाय फटाके फुटताना दाखवून माझं अभिनंदन.

शोभा तो आकडा बघून खाटेवर बसली. "अजी, इतके चालले? पाय दुखत असतीन न?" तिने कोमट तेल आणून माझे पाय चोळून दिले. मी खोटं बोललो नाही. फक्त बैलाचा विषय निघाला नाही, म्हणून मीही काढला नाही.

गुडघा मात्र खरोखर दुखू लागला होता, उठबस करून करून. प्रत्येक ओट्यावर बसायचं आणि उठायचं म्हणजे थोडं काम नाही. त्यामुळे सोमवारी काट्यावर चढताना हात काउंटरवर जरा जास्तच टेकवावा लागायचा. पण वजन झपाट्याने उतरत होतं. एक्याण्णव. एकोणनव्वद. शोभा आता आळीतल्या बायांना वही दाखवू लागली होती.

आळीत त्यामुळे चिंता पसरली. एका सकाळी बाबारावांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"मधुभाऊ, वांगं भाजून, सोलून अर्धं राह्यते. शहाण्णवचे झाले अठ्ठेचाळीस. तुमी दहा किलो उतरले, का त्याच्यातले पाच गेले. शेवटच्या पंगतीले मी काय वाढू? नुसता कांदा?"

"पण बाबारावभाऊ, माही साखर..."

"गोड नोका खाऊ मंग! तिखट खा! तुमाले नाई कोण म्हणते?"

त्या दिवसापासून प्रत्येक ओटा कामाला लागला. एका घरी आलूबोंडे, दुसऱ्या घरी तर्रीचे पोहे. दिवाळी झाली, थंडी पडली, तशा उकडलेल्या तुरीच्या शेंगांच्या पाट्या आल्या आणि "शेंगायनं काई होत नाई" असं म्हणत बरोबर शेव आणि चिवडाही आला. आणि तरी, चंपाषष्ठीच्या आधीच्या सोमवारी, दुकानातल्या काट्यावर बरोबर शहाऐंशी!

शोभाने वही मिटली आणि डोळ्यांना पदर लावला. "आता मले भेव नाई," ती म्हणाली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की दुपारी दोन भाकरी जास्त गेल्या.

पण आईच्या देवाचं काय? शहाऐंशी किलो वांगी बघून आई चंपाषष्ठीलाच अन्नपाणी सोडेल, ही भीती होती. तोडगा शोभानेच काढला. तिने माझ्या बंडीला आतून दोन दणकट खिसे शिवले आणि दुकानातली पाच-पाच किलोची दोन लोखंडी वजनं त्यात बसवली. शहाऐंशी आणि दहा, शहाण्णव. देवाला त्याचं पूर्ण मिळेल, आईचा शब्द राहील, डॉक्टरीणबाईंनाही त्यांचं मिळेल. वरून सदरा घातल्यावर दोन्ही बाजूंनी फुगवटे दिसत होते, पण ते नवीन आहेत असं एकालाही वाटलं नाही.

चंपाषष्ठीला देवळासमोर मोठा जुना तराजू टांगला होता, दोन्ही बाजूंना साखळ्यांना लाकडी फळ्या. सगळी आळी हजर. दादा शंभर किलोच्या हिशेबाने वीस-वीस किलोचे पाच क्रेट घेऊन आला होता. चार किलो वरचे पुजाऱ्याला. सोबत सुट्या वांग्यांची एक पाटीही होती, पण ती मी बसायच्या आतच रिकामी झाली होती. एकीकडे चुलीवर रोडगे भाजणं सुरू. मी येळकोटाच्या गजरात फळीवर मांडी घातली. फळी दाणकन जमिनीला टेकली.

"होऊ द्या! पुढं सरकवा! जागा हाय!" बाबारावांनी तीस वर्षांच्या सवयीने ओरडायला सुरुवात केली.

एक क्रेट रिकामा झाला. दुसरा. तिसरा. चौथा. शोभा माझ्या बाजूला उभी राहून मंद हसत होती. पाचवा अर्धा ओतला, पाऊण ओतला. आता फळी उठणार म्हणून मी अंग सावरून बसलो. फळी हलली नाही.

"शहाण्णव तं झाले," दादा म्हणाला.

"ओता न बावा!" बाबाराव ओरडले. त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते.

पाचवा क्रेट पूर्ण रिकामा झाला. शंभर किलो. मी जमिनीवर ते जमिनीवरच. शोभाचं हसू हळूहळू मावळू लागलं.

"वांगे संपले," दादा म्हणाला.

"नवस अर्धा नाई ठेवत!" आई कडाडली. "ज्यानं ज्यानं पाटीतले वांगे घरी न्याले खिशात टाकले असतीन, त्यानं मुकाट्यानं काढा!"

लोकांच्या खिशांतून, ओच्यांतून, आणि बाबारावांच्या धोतराच्या सोग्यातून वांगी बाहेर येऊ लागली. पिशवीभर निघाली, चारेक किलो सहज. फळी थोडी थरथरली, पण उठली नाही. आता ढिगावर टाकण्यासारखं एकच उरलं होतं. शोभाने माझ्या जेवणासाठी डब्याच्या पिशवीत आणलेला दोन किलोचा दुधीभोपळा. तिने तो बाहेर काढला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ढिगावर ठेवला.

मी वर गेलो!

असा एकदम गेलो, की तोल सुटला, साखळीला लटकलो, बंडीची शिवण टर्रकन फाटली आणि दोन्ही लोखंडी वजनं देवासमोरच्या फरशीवर धाड धाड आदळली. मी उतरलो आणि गुडघ्यात कळ आली म्हणून सवयीने देवळाच्या खांबावर हात टेकून उभा राहिलो.

आई वजनांकडे बघत राहिली. मग तिला उमगलं आणि तिचा चेहरा उजळला. "म्हणजे देवाले दहा किलो वरून गेले? वा वा वा! आता कोणी म्हणो म्हातारीनं मापात मारलं!"

शोभा मात्र बोटांवर मोजत होती. "एकशे सहा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "त्याच्यातून दहा गेले..."

गर्दीतल्या सगळ्यांना उत्तर येत होतं.

"शहाण्णव," शोभा म्हणाली. "जितले होते तितले. मंग दुकानातल्या काट्यावर शहाऐंशी कसे आले?"

आणि तिची नजर खांबावर टेकलेल्या माझ्या हातावर गेली. तिथून माझ्या तोंडावर आली. परत हातावर गेली. मी हात काढून घेतला, पण आठ महिने उशीर झाला होता.

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "मले वाटलं होतं, भेव गेलं," एवढंच म्हणाली आणि वही माझ्या हातात दिली. इतकी लाज मला भांड्यांखाली पडलो तेव्हाही वाटली नव्हती. सगळ्या आळीसमोर मी बैलाचंही कबूल करून टाकलं.

बाबाराव पुढे आले, मान खाली घालून. "वहिनी, चुकी आमची बी हाय. आमीच चारलं त्यायले."

"उद्यापासून मी जाईन यायच्या संगं," शोभा म्हणाली. "कॅनॉलवरून. तिकडे एकबी ओटा नाई." (पुढच्याच सोमवारी गोळीही सुरू झाली. कॅनॉलवर सहा किलोमीटरमध्ये मला आजवर एका म्हशीनेही पाणी विचारलेलं नाही.)

मग पंगती बसल्या. चुलीवर भाजलेल्या वांग्यांचा, हिरव्या मिरचीचा, पातीच्या कांद्याचा वास देवळापासून बसस्टँडपर्यंत गेला. मीही पान घेऊन हळूच एका कोपऱ्यात बसलो, तर आई वाढप्याच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली.

"तुले नाई. तुह्याच वजनाचं हाय हे. आपलं वजन आपणच खाते का कोणी?"

तीन पंगती जेवून उठल्या. लोक हात धुऊन माझ्यापाशी यायचे आणि पोटावर हात फिरवत "मधुभाऊ, भल्ले चवदार निंगाले तुमी" असं सांगून जायचे. शेवटी शोभाने माझ्या पानात उकडलेला दुधी वाढला, बिनतेलाचा, आणि सगळा संपेपर्यंत समोर बसून राहिली. मी मुकाट्याने सगळा संपवला. शेवटच्या घासाला आठवलं, हा दुधीसुद्धा माझ्याच वजनात धरला होता. एकशे सहा किलो देवाला वाहून मोकळा झालेला माणूस मी, आणि त्यातले दोन किलो पानावरून उठायच्या आतच परत माझ्या अंगावर चढले होते!